कोरमअभावी तहकूब

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अधिवेशन सुरू झाले की रिकाम्या बाकांची छायाचित्रे छापून येतात आणि त्यावर वाचकांची संतप्त पत्रेही येतात. त्या संतापात गैर काही नाही. पण विधानसभेचा कोरम (गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान उपस्थिती) आणि आपण स्वतः जिचे सदस्य आहोत त्या सभेचा कोरम, हे दोन नियम शेजारी शेजारी ठेवून कुणी वाचत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १८९ प्रमाणे विधानसभेची गणपूर्ती दहा सदस्य किंवा एकूण सदस्यांचा एक दशांश, यांपैकी जे अधिक असेल ते. २८८ आमदारांच्या आपल्या सभागृहात म्हणजे २९. तेवढे नसतील तर अध्यक्षांनी सभागृह तहकूब करायचे किंवा कोरम होईपर्यंत कामकाज थांबवायचे. पुढच्या बैठकीलाही हीच अट.

आता ग्रामसभा. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जे कमी असेल ते. एवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब करायची आणि तहकूब सभेला कोरमची अटच नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आदर्श उपविधींत सर्वसाधारण सभेसाठी एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा २०, यांपैकी जे कमी असेल ते. अर्धा तास थांबायचे, माणसे आली नाहीत तर सभा त्याच दिवशी थोड्या वेळाने किंवा किमान सात आणि कमाल तीस दिवसांनी घ्यायची. या दुसऱ्या सभेलाही कोरम नको.

आमदारांसाठी ‘जे अधिक’ आणि मतदार-सभासद प्रत्यक्ष बसतात तिथे ‘जे कमी’, तेही पहिल्याच फेरीपुरते. लोक ग्रामसभेला येत नाहीत, सोसायटीच्या मीटिंगला येत नाहीत, समाजाला काही पडलेलीच नाही, असा सूर नेहमी लागतो. तो मला अर्धवट वाटतो. लोक आले नाहीत म्हणून काही अडत नाही अशी तरतूद केल्यावर लोकांना बोलावण्याची गरज कुणाला उरेल?

आकडे मांडून पाहिले तर ‘जे कमी’ या दोन शब्दांचा परिणाम कळतो. १५ टक्क्यांचा नियम फक्त लहान गावांत चालतो. ३०० मतदारांच्या गावाला ४५ माणसे लागतात. मतदार ६६७ झाले की १५ टक्के म्हणजे शंभर, त्यापुढे गाव कितीही वाढले तरी शंभरच. ५,००० मतदारांच्या गावात हे प्रमाण दोन टक्क्यांवर येते. सोसायटीतही तेच. तीस सभासदांपर्यंत दोन तृतीयांशाला अर्थ आहे; त्यापुढे आकडा वीसवर गोठतो. ४०० सदनिकांच्या संकुलात वीस म्हणजे पाच टक्के आणि त्यांतले दहा-बारा तर व्यवस्थापक समितीचेच असतात. समिती आणि तिचे आठ-दहा स्नेही बसले की सभा कायदेशीर.

यातून प्रत्यक्षात काय घडते, ते आधी ग्रामसभेपुरते पाहू. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम ७ नुसार आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. पुरेशा कारणाशिवाय सभा घेतली नाही तर सरपंचाचे, आणि त्याच्या गैरहजेरीत उपसरपंचाचे, पद धोक्यात येते. ही तरतूद कडक आहे आणि तिचा धाकही आहे. पण धाक आहे तो सभा ‘घेण्याचा’. माणसे जमवण्याचा नाही. त्यामुळे सरपंच आणि ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) या दोघांच्या डोक्यात तारीख असते, गर्दी नसते. सात दिवस आधी सूचना फलकावर लागते, दवंडीऐवजी आता व्हॉट्सॲपवर अजेंड्याचा फोटो फिरतो. २६ जानेवारीला किंवा १५ ऑगस्टला झेंडावंदन आटोपले की शाळेच्या आवारातच सभा उरकायची. मुलांच्या कवायती पाहायला आलेले लोक तोवर घराकडे वळलेले असतात. तासाभराने ‘कोरमअभावी तहकूब’ असा शेरा पडतो, आठ-दहा दिवसांनी ग्रामपंचायतीच्या खोलीत तहकूब सभा होते आणि खरे ठराव तिथे होतात. व्यवहारात ‘सभा घेतली’ या हिशेबात तीही धरली जाते.

तहकूब सभेवर एकच चांगले बंधन आहे. तिच्यात मूळ विषयपत्रिकेवरचेच विषय घेता येतात, नवे नाही. म्हणून मूळ अजेंड्याचा फोटो प्रत्येकाने फोनमध्ये जपून ठेवावा. तहकूब सभेच्या इतिवृत्तात त्याबाहेरचा ठराव दिसला तर गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी हरकत घेताना तो फोटोच पुरावा असतो.

मूळ अजेंडाही नीट वाचायला हवा. पहिला विषय ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’, दुसरा ‘शासकीय परिपत्रकांचे वाचन’, मग जमा-खर्च, मग एखादी लाभार्थी यादी आणि शेवटी ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. गावठाणातल्या जागेचा वापर, ना हरकत दाखले, एखाद्या कामाची जागा बदलणे, अशा वादाच्या गोष्टी अनेकदा या शेवटच्या ओळीतून आत येतात, कारण तिथे आधी सूचना द्यावी लागत नाही. परिपत्रकांचे वाचन तासभर चालते, लोक कंटाळून उठतात आणि ‘ऐनवेळचे’ ऐकायला पंधरा जण उरतात. यावर साधा उपाय आहे. परिपत्रकांच्या प्रती फलकावर लावाव्यात, सभेत फक्त त्यांची नावे वाचावीत आणि जमा-खर्चाचा विषय पहिल्या अर्ध्या तासात घ्यावा. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही. सभेतच तसे सुचवावे, अनुमोदन मिळवावे.

सगळ्यात घोळ होतो तो प्रोसिडिंग बुकात. सभा सुरू होताना हजेरीची पाने फिरतात. अनुक्रमांक एक ते शंभर आधीच घातलेले असतात. सह्या आणि अंगठे घेतले जातात आणि कमी पडलेले पुढच्या दोन दिवसांत शिपाई घरोघरी जाऊन भरून आणतो. ठराव मात्र सभेत लिहिले जात नाहीत. ग्रामसेवक सुट्या कागदावर टिपणे काढतो आणि वहीत ते नंतर उतरवतो, कधी आठवड्याने, कधी तालुक्याहून ‘या योजनेसाठी ठराव लागेल’ असा निरोप आल्यावर. सह्या एका दिवसाच्या आणि मजकूर दुसऱ्या दिवसाचा, अशी ही वही असते. सूचक आणि अनुमोदक म्हणून ज्यांची नावे पडतात त्यांनाही ते बरेचदा नंतरच कळते. शेवटी ‘सर्वानुमते मंजूर’ हा ठरलेला शेरा. विरोध किती, तटस्थ किती, हे रकाने भरलेले क्वचितच दिसतात. यात दर वेळी लबाडीच असते असे नाही. एका ग्रामसेवकाकडे दोन-दोन ग्रामपंचायती असतात, सभाही त्याच सुमारास आणि लिहायला एकटाच माणूस. पण प्रामाणिक ग्रामसेवकाच्या वहीतली मोकळी जागा त्याच्या बदलीनंतर येणारा कसा वापरील, याची हमी कुणी द्यावी?

ही जागा बंद करायला पंधरा मिनिटे पुरतात. प्रत्येक ठराव झाला की तो तिथेच, चार ओळींत का होईना, वहीत लिहायचा आणि मोठ्याने वाचायचा. बाजूने किती, विरोधात किती, हे आकडे अक्षरातही लिहायचे. शेवटच्या ठरावाखाली तिरपी रेघ ओढून ‘एकूण ठराव अमुक, सभा इतक्या वाजता संपली’ असे लिहून अध्यक्षांनी जागेवर सही करायची. हजेरीच्या पानावर शेवटच्या सहीखालीही तशीच रेघ आणि एकूण संख्या. मग त्या पानांचे फोटो गावाच्या ग्रुपवर टाकायचे. केंद्राच्या पंचायती राज मंत्रालयाने २०२५ मध्ये ‘सभासार’ हे साधन आणले आहे. सभेच्या ध्वनिचित्रमुद्रणावरून ते इतिवृत्ताचा मसुदा तयार करते. ते जरूर वापरावे. पण सभा खरी झाली असेल तरच मुद्रणाला काही अर्थ आणि फोटोला तर वेगवान इंटरनेटही लागत नाही.

हिशेबाचा प्रश्न विचारायचा असेल तर सभेत उभे राहून ‘पैसे कुठे गेले?’ असे विचारण्यात काही हशील नाही. उत्तर ‘सगळं ऑनलाइन आहे’ असे येते आणि विषय संपतो. सभेच्या चार-पाच दिवस आधी ग्रामपंचायतीत लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. अर्जात नमुना ३, म्हणजे जमा-खर्चाचे विवरण, आणि नमुना ५, म्हणजे रोकड वही, सभेत ठेवावी असे मागावे. ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर आपल्या पंचायतीचा विकास आराखडा आणि झालेला खर्च दिसतो. त्यातली दोन-तीन कामे निवडून, कामाचे नाव आणि रक्कम सांगून प्रश्न विचारावा. १५व्या वित्त आयोगाच्या काळात, २०२१-२२ पासून, ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेसाठी बंधित होता आणि ४० टक्के अबंधित. गटाराचे काम बंधितमधून दाखवले की अबंधितमधून, एवढा एक प्रश्न नेमका विचारला तरी सभेचा नूर बदलतो, कारण त्याचे उत्तर वही उघडल्याशिवाय देता येत नाही.

महिलांच्या ग्रामसभेबद्दल थोडक्यात. नियमित ग्रामसभेच्या आधी ती घेणे कायद्याने बंधनकारक आहे. अनेक गावांत ती हजेरीपत्रकापुरतीच होते, किंवा अंगणवाडी सेविका आणि बचत गटाच्या बायकांना बोलावून फोटो काढण्यापुरती. वेळ सकाळी अकराची ठेवली तर निंदणी-खुरपणीला गेलेली बाई रोज बुडवून येणार नाही आणि तिने तो बुडवावा अशी अपेक्षा ठेवणेही बरोबर नाही. संध्याकाळी आठची सभा शक्य आहे. ती सोयीची नसते ती मुख्यतः तालुक्याला राहणाऱ्या कर्मचाऱ्यांना.

आता सोसायटीकडे वळू. राज्यात नोंदणीकृत गृहनिर्माण संस्था लाखाहून अधिक आहेत, म्हणजे शहरी मध्यमवर्गाचा मोठा भाग कुठल्या ना कुठल्या सर्वसाधारण सभेचा सभासद आहे. वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, नोटीस पूर्ण १४ दिवसांची. ‘सभा सकाळी १० वाजता, गणपूर्तीअभावी तहकूब झाल्यास त्याच ठिकाणी १०.३० वाजता’ हे वाक्य नोटिशीत आधीच छापलेले असते. ते वाचून सगळे साडेदहालाच येतात, म्हणजे पहिली सभा फक्त कागदावर भरते. साडेदहाला कोरम लागत नसल्याने पंधरा जण आले तरी भागते. देखभाल शुल्क, रंगकामाचे कंत्राट, लेखापरीक्षकाची नेमणूक, सिंकिंग फंडातून (इमारतीच्या मोठ्या कामांसाठीच्या राखीव निधीतून) खर्च, सगळे मार्गी लागते. न आलेले पुढचे वर्षभर लिफ्टमध्ये कुरकुर करतात.

सोसायटीचा सभासद गावातल्या मतदारापेक्षा शिकलेला, नियम वाचू शकणारा. तरी चुका त्याच. व्हॉट्सॲपवर मतदान घेऊन निर्णय झाला असे मानतात. त्याला कायद्यात आधार नाही, ठराव सभेतच व्हावा लागतो. नवऱ्याच्या नावावरच्या घरासाठी भाऊ येऊन बसतो. प्रॉक्सी चालत नाही, फार तर सहयोगी सभासद मूळ सभासदाच्या गैरहजेरीत येऊ शकतो. इतिवृत्ताचा मसुदा सभासदांना पाठवायचा आणि त्यांनी १५ दिवसांत हरकती कळवायच्या, अशी पद्धत उपविधींत आहे. ती पाळलीच तर पुढच्या सभेत ‘असं ठरलंच नव्हतं’ हा वाद होत नाही. आणि हिशेब पाहायचा तर ताळेबंदाच्या पानांवर डोके आपटण्यापेक्षा लेखापरीक्षकाचे शेरे आणि त्यावर समितीने दिलेला दोषदुरुस्ती अहवाल, म्हणजे ‘ओ’ नमुना, मागावा. चुका कुठे झाल्या हे लेखापरीक्षकाने तिथे शब्दांत लिहून ठेवलेले असते. सिंकिंग फंड दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान पाव टक्के जमायला हवा, दुरुस्ती निधी पाऊण टक्का. पंधरा वर्षांनी प्लंबिंग बदलायची वेळ येते तेव्हा या दोन आकड्यांकडे आजवर कुणी पाहिलेच नव्हते हे कळते. मग एका फटक्यात प्रत्येकी लाखाची वर्गणी.

पण याच सोसायटीत पुनर्विकासाचा विषय निघू द्या. परदेशी गेलेले सभासदसुद्धा तिकीट काढून येतात. पैसा मोठा आहे हे कारण खरेच, पण तेवढेच नाही. पुनर्विकासासाठी शासनाने सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खाली ४ जुलै २०१९ रोजी काढलेल्या निर्देशांत कोरम दोन तृतीयांश ठेवला आहे, ‘किंवा वीस’ची पळवाट नाही, आणि तहकूब सभेलाही कोरम लागतो. सभेचे चित्रीकरण करायचे, विकासक निवडताना निबंधकांचा अधिकृत प्रतिनिधी हजर पाहिजे. म्हणजे समितीला सभासदांची गरज आहे. ती फोन करते, गाडी पाठवते, तारीख दोन महिने आधी सांगते. तीच समिती, तीच माणसे, तोच हॉल.

गावातही असे दोन प्रसंग आहेत. पहिला, दारूचे दुकान बंद करण्याचा. एक चतुर्थांश महिला मतदारांनी सह्यांनिशी मागणी केली की पडताळणी होऊन गुप्त मतदान होते. आडव्या बाटलीला मत म्हणजे दुकान बंद. इथे आलेल्यांपैकी बहुमत पुरत नाही. एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडावी लागतात. जी घरी राहिली तिचे मत आपोआप उभ्या बाटलीला. म्हणून बायका वाडीवाडीवर जातात, माहेरी गेलेल्यांना बोलावून घेतात. दुसरा, थेट निवडून आलेल्या सरपंचावरचा अविश्वास. सदस्यांनी तीन चतुर्थांश बहुमताने ठराव केला तरी तो विशेष ग्रामसभेत गुप्त मतदानाने संमत व्हावा लागतो. त्या दिवशी पुण्या-मुंबईहून जीप भरभरून येतात. एरवी शंभर जमत नाहीत त्याच गावात.

या सगळ्या प्रसंगांत तीन गोष्टी दिसतात. प्रश्न एकच असतो, तारीख आधी माहीत असते आणि गैरहजेरी फुकट जात नाही. गावातल्या दोन्ही प्रसंगांत चौथीही असते, मत गुप्त असते. ही चौथी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्या समाजात ‘कशाला उगाच वाईटपणा घ्यायचा’ हे वाक्य जितके चालते तितके घटनेचे एखादे कलमही चालत नाही. ज्याच्या बांधाला बांध आहे, ज्याच्याकडून अडीनडीला ट्रॅक्टर घ्यायचा आहे, त्याच्या भावाच्या कंत्राटाविरुद्ध हात कसा वर करायचा? वरच्या मजल्यावरच्या खजिनदाराच्या आईला रात्री दवाखान्यात आपणच नेलेले असते. पावती कुठे आहे असे त्याला चारचौघांत विचारणे जिभेवर येत नाही. याला भेकडपणा म्हणणे सोपे आहे. मला ती शेजारधर्माची दुसरी बाजू वाटते आणि ती काही उपदेशाने जाणार नाही. आमदार खासदार आपल्याला रोज भेटत नाहीत, म्हणून त्यांना मत देताना गुप्ततेची जितकी गरज आहे त्याहून कितीतरी अधिक ती गावात आणि इमारतीत आहे. आणि नेमकी तिथेच आपण हात वर करून मोजतो. पैशाचा किंवा जागेचा विषय असेल आणि दहा जणांनी मागणी केली तर चिठ्ठीने मतदान, एवढी तरतूद हवी. शाळेतला खोका आणि वहीची फाडलेली पाने यांवर ते होते.

पुष्कळ लोक ग्रामसभेचे चांगले उदाहरण म्हणून गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाकडे बोट दाखवतात. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथलीच. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचे अधिकार ग्रामसभेकडे आले. पण तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात, आणि त्यासाठी ग्रामसभेहून वेगळा अभ्यासगट चालतो, ही बाजू कमी सांगितली जाते. अभ्यासगटात निर्णय घ्यायचा नाही, फक्त माहिती घ्यायची, प्रश्न विचारायचे, बाहेरचा जाणकारही बोलवायचा. निर्णय नंतर ग्रामसभेत. आपल्याकडे नेमके उलटे असते, माहिती आणि निर्णय एकाच तासात उरकतात, त्यामुळे ज्याला आधीपासून माहिती आहे त्याचेच चालते. सोसायटीत कंत्राटाचे तीन देकार सभेच्या आठ दिवस आधी फलकावर लावले आणि एका संध्याकाळी शंका विचारायला गच्चीवर अनौपचारिक बैठक ठेवली तर मेंढ्याचे निम्मे काम झाले.

ओडिशातल्या नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण व्हावी की नाही, हे ठरवण्याचे सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ च्या निकालाने ग्रामसभांवर सोपवले. जिल्हा न्यायाधीश दर्जाचा निरीक्षक हजर ठेवून बारा गावांत सभा झाल्या आणि बाराही गावांनी नकार दिला. हजेरी, निरीक्षक, लेखी नोंद, हे सगळे नीट झाले म्हणूनच तो नकार टिकला. शंभर सह्या नंतर गोळा केलेल्या ठरावाच्या आधारावर अशी खाण कुणी थांबवू शकले नसते. उलट तशा ठरावाच्या आधारावर ती सुरू मात्र होऊ शकते.

शाळा व्यवस्थापन समिती आणि शहरातली क्षेत्रसभा (प्रभागातल्या एका भागातील मतदारांची सभा) यांचा नुसता उल्लेख करतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला ठेवल्या. बैठका बऱ्याच ठिकाणी मुख्याध्यापकांच्या वहीत भरतात. क्षेत्रसभेचा कायदा महाराष्ट्राने २००९ मध्येच केला. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपल्यावर प्रशासक बसला तेव्हा क्षेत्रसभा असत्या तर प्रशासकाला प्रश्न विचारायला निदान एक जागा तरी असती.

कडक कोरमवर जो आक्षेप घेतला जातो तो पोकळ नाही. बीड, नगरकडच्या गावांतून दिवाळीच्या सुमारास निम्मी माणसे ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. मतदार यादीत नावे मात्र गावात. मार्चअखेर निधी परत जाण्याची वेळ आलेली असते, ठरावासाठी काम अडते. म्हणून सगळ्याच विषयांना एकच कोरम लावू नये. जमा-खर्च, लाभार्थ्यांची यादी आणि जागा, या तीन विषयांना तहकूब सभेतही मूळ कोरमच्या निम्म्या उपस्थितीची अट असावी. बाकीचे विषय आजच्यासारखेच चालू द्यावेत. ‘१५ टक्के किंवा शंभर’मधला शंभराचा आकडा मोठ्या गावांसाठी दोनशे-अडीचशेपर्यंत नेता येईल. आणि स्थलांतराच्या गावांनी चारपैकी दोन सभा मे ते सप्टेंबर या काळात, माणसे गावात असताना घ्याव्यात. २६ जानेवारीला घेण्याचा आग्रह तिथे कशासाठी? मोठ्या, वाड्यावस्त्यांत विखुरलेल्या गावांसाठी पेसा (आदिवासी भागांसाठीचा पंचायत कायदा) क्षेत्रातली पद्धतही पाहण्यासारखी आहे. तिथे वस्ती किंवा पाडा स्वतःला गाव म्हणून घोषित करून घेऊन स्वतःची ग्रामसभा मागू शकतो. चार किलोमीटर चालून मुख्य गावात यायचे नसले की माणसे येतात.

ग्रामसभेच्या कोरमचा बदल ग्रामविकास विभागाच्या हातात आहे. सोसायट्यांना मात्र सरकारची वाट पाहायची गरज नाही, कारण आदर्श उपविधी ‘आदर्श’ आहेत. संस्था आपल्यापुरती दुरुस्ती सुचवू शकते. हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन तृतीयांश बहुमताने ठराव करून तो निबंधकांच्या मंजुरीसाठी पाठवावा लागतो. मसुदा पाच ओळींचा पुरे: वीसऐवजी ‘एकूण सभासदांच्या एक चतुर्थांश किंवा २०, यांपैकी जे अधिक’, ठरावीक रकमेवरच्या खर्चासाठी तहकूब सभेतही त्याच्या निम्मी उपस्थिती, दहा सभासदांनी मागितल्यास चिठ्ठीने मतदान. लहान इमारतीत ‘जे अधिक’ अडचणीचे होईल. चाळीसहून कमी सभासद असतील तर नुसते ‘निम्मे’ ठेवावे. निबंधक कार्यालयात अशी प्रकरणे बहुतेक वेळा अडकतात ती जुन्या आणि नव्या मजकुराचा तक्ता जोडलेला नसतो म्हणून किंवा सभेच्या नोटिशीची पोच नसते म्हणून. ही दुरुस्ती ऐनवेळच्या विषयांत घेता येत नाही, ती मसुद्यासह नोटिशीतच यावी लागते. सप्टेंबरमधल्या सभेत घ्यायची असेल तर जुलैअखेर ती सचिवांकडे लेखी द्यावी आणि पोच घ्यावी.

– एक वाचक